पाहिलं किती, ऐकलं किती

सोलापुरात भाड्याच्या खोल्या बघत हिंडून घरमालक काय काय विचारतात ते मला पाठ झालं होतं. माणसं किती, मटण शिजतं का, पाहुण्यांचा राबता आहे का. या गृहस्थांनी त्यातलं एकही विचारलं नाही. ओट्यावरच्या खुर्चीतून न उठता ते म्हणाले, "आधी कुठं राहत होता? तिथून का निघालात? आणि याच कारणानं निघालात, हे तुमच्याशिवाय दुसरं कोण सांगेल?"

माझा नवरा रेल्वेत, होटगी जंक्शनला ड्यूटी, स्वभावानं गरीब गाय. तो गडबडून माझ्याकडे बघायला लागला. मी तापले. म्हटलं, "काका, खोली बघायला आलोय आम्ही, जामीन मागायला नाही." त्यावर चिडायचं सोडून ते खूशच झाले. "शाबास! आता तुम्ही मला विचारा, आधीचे भाडेकरू का गेले. पण मी सांगीन ते धरू नका. मी घरमालक, मी माझ्या बाजूनंच बोलणार. हा घ्या त्यांचा नंबर."

मी खरंच फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "माणूस लई चांगला हाय हो. फकस्त डोकं खातंय." आम्ही खोली घेतली, आणि पुढची काही वर्षं त्या वाक्याचे दोन्ही भाग खरे होताना बघितले.

शाळेत इतिहास शिकवून ते निवृत्त झाले होते. गल्लीत सगळे त्यांना सर म्हणत. वर्गात पोरांनी इतिहासाचा उपयोग काय असं विचारलं की बाकीचे शिक्षक अभिमान, स्फूर्ती वगैरे बोलायचे. सर म्हणायचे, "घरातून निघताना गॅस बंद केला होतास का? हा इतिहास. आता सांग, उपयोग आहे की नाही?"

हे नुसतं बोलणं नव्हतं. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूवर तारीख. दिव्याच्या होल्डरशेजारी भिंतीवर खडूनं तारीख, मिक्सरच्या बुडाला तारीख, लोणच्याच्या बरणीला, पंख्याच्या बटणाला, उशीच्या अभ्र्याच्या आतल्या बाजूला सुद्धा. वस्तू कधी आली आणि कधी दुरुस्त झाली हे माहीत नसलं की ती आपल्याला फसवते, असं त्यांचं म्हणणं. त्यांची बायको, आमच्या काकू, हसून म्हणायच्या, "माझ्या कपाळावर तेवढी लिहायची राहिलीय."

काकूंशी भांडण सुद्धा त्यांना सरळ करता यायचं नाही. काकू रागानं म्हणायच्या, "तुम्ही तेव्हा माझ्या भावाला असं बोललात." की हे लगेच, "तेव्हा म्हणजे कधी? समोर कोण होतं?" काकू आणखी भडकायच्या. पण एक सांगते, त्या घरात जुनं उकरून काढून कधी भांडण वाढलं नाही. उकरायला गेलं की साक्षीदार आणावा लागायचा, आणि तेवढा उत्साह कुणाला?

पानिपत तर त्यांनी रोजच्या वापरात आणलं होतं. तुळजापूरला जायचं तरी एकच पिशवी. "लढाईला निघालेल्यांनी बाजारबुणगे बरोबर घेतले की काय होतं, माहीत आहे ना?" काकू मान डोलवायच्या आणि शेंगाचटणीचा डबा पदराखालून न्यायच्या. लग्नाकार्याला दोघं दोन वेगळ्या रिक्षांतून जात. राजा आणि गादीचा वारस एका हत्तीवर बसवू नये म्हणे. काकू म्हणायच्या, "राज्य नाही, मूल नाही, हत्तीही नाही, पण रिक्षा दोन."

हरवलेली वस्तू शोधायला मात्र अख्खी गल्ली त्यांच्याकडे यायची. कानातलं, गाडीची किल्ली, रेशनकार्ड. आलेल्या माणसाला ते आधी ओट्यावर बसवायचे, पाणी द्यायचे. पाणी पिऊन होईपर्यंत बोलू द्यायचे नाहीत. "धापा टाकणारा साक्षीदार घडलेलं सांगत नाही, भीती सांगतो." मग विचारायचे, "काय पाहिलं तेवढं सांगा. काय ऐकलं ते नंतर." आणि शेवटचा प्रश्न ठरलेला, "आज रोजच्यापेक्षा वेगळं काय झालं?" निम्म्या वस्तू ओट्यावर बसल्या बसल्याच सापडायच्या.

एवढं असूनही, इतिहास शिकवून हा माणूस शहाणा झाला होता की भित्रा, हे मला ठरवता आलं नाही. गल्लीत फटाका वाजला तरी ते दचकून उठायचे. दूरवर माणसांचा गलका ऐकू आला की चेहरा उतरायचा. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "सर, एवढं वाचून माणूस निर्धास्त व्हायला पाहिजे." ते म्हणाले, "ताई, लढाईत मेलेल्यांचे पोवाडे होतात. ऐकीव बातमीनं मेलेल्यांचे होत नाहीत, म्हणून ते किती आहेत हे लोकांना कळत नाही." मी विषय बदलला. रविवारची सकाळ होती आणि मला असलं काही ऐकायचं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात गल्लीच्या ग्रुपवर पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज आला. टोळी शहरात उतरली आहे, बायका गाठोड्यातून लहान मुलं नेतात, सावध राहा, पुढे पाठवा. खाली एक फोटो, त्यात रस्त्यावर झोपलेली काही माणसं. तो कुठला, कधीचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण माझी चिमी तेव्हा पाच वर्षांची. मेसेज वाचल्या वाचल्या मी तिचं बाहेर खेळणं बंद केलं. समोरचे टॉवेलवाले, घरातच दोन यंत्रमाग चालवणारे, भला माणूस, ते संध्याकाळी पोरं मोजून दाराला कडी घालायला लागले.

सर घरोघर फिरायला लागले. "तुम्हाला कुणी पाठवला? त्याला कुणी? कुणाचं मूल गेलं? त्या मुलाचं नाव काय?" लोक वैतागले. टॉवेलवाले मला म्हणाले, "वैनी, सरांना सांगा की. पोरं काय त्यांना हायत का? त्यांना काय कळायचंय?" एवढंच कळलं की मूल होटगीकडे पळवलं असं सगळे म्हणतात. माझा नवरा तिथंच ड्यूटीला. त्यानं स्टेशनबाहेर चौकशी केली आणि घरी येऊन सरांना हसत सांगितलं, "तिथले लोक म्हणतात, आमच्याकडं काही झालं नाही, सोलापुरात झालंय. जागा सांगतात ती आपलीच गल्ली."

मला वाटलं आता सर जिंकल्यासारखे टाळी वाजवतील. ते खुर्चीत बसलेच. हातातला चहा अर्धाच टाकून कप खाली ठेवला. म्हणाले, "म्हणजे कुठंच काही झालेलं नाही, आणि लोक वाट बघतायत. आता हे कुणीतरी खरं करणार."

दोन दिवसांनी पाण्याचा दिवस होता, आणि नवरा ड्यूटीवर. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि यायचं म्हटलं की गल्लीत लगीनघाई असते. पिंपं घासायची, हंडे घासायचे, ज्यांच्याकडे जमिनीतला हौद आहे ते हौद धुऊन घेतात. हौदाचं तोंड लहान, मोठा माणूस आत मावत नाही. म्हणून घरातलं एखादं बारकं पोर घासायचा काथ्या देऊन आतल्या भिंतीच्या लोखंडी कड्यांवरून खाली उतरवतात. टॉवेलवाल्यांचा धाकटा दर खेपेला उतरायचा आणि चिमी काठावर बसून हेव्यानं बघायची.

मी पुढच्या दारात पिंप घासत होते. चिमी पायरीवर होती. आत जाऊन येते तर काथ्या जागेवर नाही. पुटपुटत दुसरा शोधला, घासायला बसले, आणि मग लक्षात आलं की पायरी रिकामी आहे. हाक मारली. परत मारली. सरांकडे नाही, मागे नाही, गच्चीवर नाही. माझा आवाज कधी चिरकला ते मला कळलं नाही, पण गल्लीतल्या सगळ्यांना कळलं.

कोपऱ्यावर एक बोहारीण होती. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी, डोक्यावर गाठोडं, बरोबर भांड्यांची पाटी घेतलेला तिचा भाऊ. आमची नेहमीची नव्हे, नवी. पुढचं सगळं क्षणात झालं. कुणी ओरडलं "गाठोडं बघा," कुणी ते ओढलं, गाठ सुटली, साड्या रस्त्यावर पसरल्या. त्यांत एक लहान मुलीचा गुलाबी फ्रॉक निघाला. तिच्या भावाच्या तोंडावर पहिली चापट बसली. पातेल्यांचा आवाज करत पाटी पडली. आणि तो फ्रॉक माझ्यापुढं धरून सगळे विचारत होते, "चिमीचाच हाय ना? वैनी, बोला की, चिमीचाच हाय ना?"

माझ्या डोळ्यांपुढे नुसतं गुलाबी दिसत होतं.

सर कसे आले, मी पाहिलं नाही. त्यांनी त्या बाईच्या दंडाला धरलं, भावाला धरलं, आणि दोघांना फाटकातून आत घेऊन ओट्यावर बसवलं. काकूंना ओरडून सांगितलं, "पाणी आणा!" लोक खवळले. पोर गायब झालंय आणि चोरांना पाणी पाजतोय! सर फाटकात उभे राहिले. मी जवळून पाहिलं म्हणून सांगते, ते शूर वगैरे दिसत नव्हते. फाटकाचा दांडा त्यांनी आधारासाठी धरला होता.

"सर, बाजूला व्हा," टॉवेलवाले म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आदर हाय तुमचा. पण आज न्हाय."

"होतो. दोन प्रश्न, मग होतो." सर माझ्याकडे वळले. "ताई, बसा."

मी किंचाळले, "मला बसायचं नाही! माझी पोर शोधा!" त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला होता की ढकलून दिलं असतं. पण काकूंनी मला खांद्याला धरून पायरीवर बसवलं.

"फ्रॉक बघा. लोक काय म्हणतात ते ऐकू नका. नुसता बघा."

मी बघितला. काखेत हातानं घातलेली टीप होती. मी तसली टीप घालत नाही. "नाही," म्हटलं, "चिमीचा नाही."

"मग दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीचा असंल!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि गर्दी एक पाऊल पुढे सरकली. फाटक कुरकुरलं.

"आज वेगळं काय झालं?" सरांचा आवाज फाटला होता. "ताई, आज सकाळी रोजच्यापेक्षा वेगळं काय झालं?"

"काही नाही! पिंप घासत होते, काथ्या सापडेना, म्हणून..." मी थांबले.

"काथ्या," सर म्हणाले. एकदा स्वतःशी म्हणाले, मग मान वर करून टॉवेलवाल्यांना, "तुमचा हौद धुऊन झाला?"

"हे आत्ता इचारायचं व्हय?"

"झाकण कुणी लावलं?"

"मीच की! पाणी आलं म्हून मोटर चालू केली, अन् पोरं पडतील म्हून झाकण लावून वर दगड..."

वाक्य तिथंच राहिलं. गल्ली गप्प झाली, आणि मग त्यांच्या घरातून मोटरची घरघर ऐकू आली. इतका वेळ ती आमच्याच आरडाओरड्याखाली दबली होती.

आम्ही धावलो. दगड बाजूला झाला, झाकण निघालं, आणि अंधारात चिमीचा चेहरा वर बघत होता. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं होतं. रडून रडून घसा बसला होता, आवाज निघत नव्हता. कडीवर पाय ठरत नव्हता. टॉवेलवाले जमिनीवर पालथे झोपले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तिला काखेत धरून वर ओढली. तिच्या मुठीत काथ्या तसाच होता. मी तिला छातीशी धरलं. टॉवेलवाले तसेच ओल्या फरशीवर पालथे पडून लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. पोरं पडू नयेत म्हणून दगड ठेवणारा माणूस तो. त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

सर आमच्याबरोबर धावले नव्हते. मी चिमीला घेऊन परत आले तेव्हा ते फाटकातच उभे होते, पाठीमागे ती दोघं. लोक आता साड्या गोळा करून देत होते, पातेली पुसत होते, कुणी चहाचं बघत होतं. बोहारणीनं चहा घेतला नाही. गाठोडं बांधलं, भावाच्या ओठावरचं रक्त पदरानं टिपलं आणि निघताना सरांपुढं थांबली.

"मास्तर, पोर गावली म्हून आमी सुटलो," ती म्हणाली. "गावली नसती तर?"

सरांनी वाकून भांड्यांची पाटी उचलली आणि तिच्या भावाच्या हातात दिली. दोघं निघून गेली.

लोक म्हणायचे, सरांना बरोबर ठाऊक होतं. हे ऐकलं की सर अस्वस्थ व्हायचे. एकदा मला म्हणाले, "ताई, मला काहीही ठाऊक नव्हतं. त्या बाईनं नेलंच नाही, हे सुद्धा नाही. फक्त आपल्यातल्या कुणाला काही ठाऊक नाही, एवढंच ठाऊक होतं. तेवढ्या भांडवलावर उभा होतो." मी विचारलं, "आणि चिमी सापडलीच नसती तर, सर?" ते म्हणाले, "तर पहिल्या तुम्ही माझ्या अंगावर आला असता." खोटं कशाला बोलू, आलेच असते.

काही आठवड्यांनी सांगोल्याहून माझ्या आक्काचा फोन आला. "अगं, ते चिमीचं हितं ग्रुपवर आलंय. टोळीनं पोरगी हौदात लपवली हुती म्हणं. लई वाईट गं."

मी म्हटलं, "आक्का, कुणी लपवली नाही. मी सांगितलं होतं ना तुला, चिमी स्वतः उतरली होती. मी तिथं होते."

"तू भ्यायली हुतीस. तुला काय सुधरत हुतं व्हय तवा? सगळीकडं तसंच आलंय की."

मी विचारलं, "तुमच्याकडं बोहारीण येते का गं?"

"यायची. आता गल्लीत पाय ठेवू देणार न्हाईत, पोरांनी ठरवलंय."

फोन ठेवून मी सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "फोनवरचा साक्षीदार अर्धा असतो. जाऊन सांगा. आणि खरा साक्षीदार तुम्ही नव्हे. जी हौदात होती, ती."

म्हणून मी चिमीला घेऊन एसटीनं सांगोल्याला गेले. आक्काच्या दारात शेजारपाजारच्या बायका जमल्या, बरोबर दोन-तीन तरणी पोरं. मी काही बोलले नाही, चिमीला मध्ये बसवली, पाणी दिलं. एका म्हातारीनं तिला जवळ घेऊन विचारलं, "कुणी टाकली गं बाई तुला हौदात?"

"कुणी नाही. मीच उतरले. काथ्यानं धुवायला."

"अन् ती बाई?"

चिमीनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुठली बाई?" ती म्हणाली. "मी नाही बघितली."

 म्हातारीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरांपैकी एकानं खिशातून मोबाइल काढला, जरा वेळ बघितलं आणि तसाच परत ठेवला.

रात्री घरी परत आले तर सर ओट्यावर जागेच. मी सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर पहिला प्रश्न, "तुम्ही पढवून नेली नव्हती ना तिला?"

"नाही, सर."

"बरं."  मला वाटलं, आता तरी ते स्वस्थ झोपतील. पण त्यांनी परत डोळे उघडले. "अक्कलकोटला आमच्या हिचा भाऊ असतो. त्याच्याकडंही तो मेसेज गेलाय म्हणे." ते खुर्चीतून उठले, दारापर्यंत गेले, आणि वळून मला विचारलं, "चिमीला उद्या सुट्टी आहे का हो?"